इर्विन, डफरीन आणि सरकी

या शनिवारचा विषय म्हणजे शब्दशः अवघड जागेचं दुखणं आहे. लिहीन लिहीन म्हणता बरीच वर्षं गेली. शेवटी ड्राफ्ट बायकोला वाचायला दिला, तिनं तीन ठिकाणी काट मारली आणि "टाक" म्हणाली. म्हणून टाकतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

अमरावतीबाहेरच्यांसाठी आधी थोडा भूगोल. आमच्या गावात दोन जुने सरकारी दवाखाने. एक इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय. दुसरा डफरीन, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय. पाटीवर काहीही असो, ऑटोवाल्याला "इर्विन" म्हटलं की तो निघतो. दोन्ही नावं व्हाइसरॉयच्या घरातली. लॉर्ड आयर्विन १९२६ ते १९३१ पर्यंत व्हाइसरॉय होते. डफरीन मात्र साहेब नव्हे, मडम. लेडी डफरीननं १८८५ साली एक निधी उभा केला, हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टरकडून उपचार मिळावेत म्हणून. त्यातून गावोगावी जनाना दवाखाने झाले. अकोल्यात हेच काम 'लेडी हार्डिंग' करतं. हेतू चांगलाच होता. पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत, बाळंतपणात मरत. पण या वाटणीत एक गंमत होऊन बसली. बाळंतपण बायकांकडे गेलं, ते ठीक. त्याच्या मागोमाग 'मूल होत नाही' ही तक्रारही मुकाट्यानं बायकांच्याच दवाखान्यात गेली. तिला इर्विनचा रस्ता कुणी दाखवलाच नाही.

आता घरची गोष्ट. माझ्या आजोबांचं पहिलं लग्न १९३९ सालचं. मोठी आजी तेव्हा चौदा वर्षांची. नऊ वर्षं मूल नाही. मग जे होतं ते सगळं झालं. अंबादेवीची ओटी, सोमवार, गुरुवार, कुठल्या कुठल्या महाराजांचा अंगारा, आणि एकदा टांगा करून डफरीन. १९४८ साली आजोबांनी दुसरं लग्न केलं. मोठी आजी त्याच घरात राहिली, मागच्या खोलीत. इथे एक कायद्याची टीप. मुंबई इलाख्यात १९४६ पासूनच हिंदूंना पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी होती. पण वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, तो कायदा आमच्याकडे लागू नव्हता. आमच्याकडची वाट बंद झाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. म्हणजे आजोबांना सात वर्षांची सवलत मिळाली म्हणायची.

लहान आजीलाही मूल झालं नाही. १९५५ साली आजोबांनी चुलतभावाचा तीन वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे माझे बाबा.

आमच्या धंद्यात दोन वेगवेगळ्या मशीनवर एकच प्रोग्रॅम पडला तर आपण तिसरं मशीन मागवत नाही, कोड उघडतो. (बायकोची काट क्रमांक एक इथे होती: "बाई म्हणजे मशीन का?" मान्य. पण उपमेतला मुद्दा राहू द्या.) मोठी आजी २००१ साली गेली. त्याच्या एक-दोन वर्षं आधी मी इंजिनिअरिंगला असताना तिला आगाऊपणे विचारलं होतं, की तुला कधी शंका नाही आली? ती तूर निवडत होती. म्हणाली, "लहानीलेई नाई झालं, तवा साऱ्यायले समजलं बापा. पन बोल्लं कोनी नाई." आणि परत तूर निवडायला लागली.

हे सगळं माहीत असूनही मी काय केलं ते ऐका. लग्न २००८ साली. मूल होईना म्हणून २००९ पासून डॉक्टर. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला डाय टाकून काढलेला एक्स-रे (तिच्या भाषेत "जीव गेला असता तर बरं"), मग भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. तीन वर्षं. माझी तपासणी २०१२ साली. काहीशे रुपयांची, सुई नाही, भूल नाही, पंधरा मिनिटांचं काम. आधी का केली नाही? कुणी सांगितलं नाही, हे अर्धं खरं. एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत चिठ्ठी दिली होती. ती मी लॅपटॉपच्या बॅगेच्या कप्प्यात ठेवली आणि मला ऑनसाइटला जावं लागलं, आणि नंतर रिलीज होतं, आणि असं करत करत... असो. शिकलेला माणूस, टीममध्ये सगळ्यांना 'आधी सोपी टेस्ट चालवा' म्हणून शिकवणारा.

रिपोर्ट आला. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ८० लाख शुक्रजंतू. समोर छापलेलं: 'नॉर्मल: २ कोटी किंवा अधिक.' आणि खाली ठळक अक्षरात निदान, एका शब्दात. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून, आपल्या लोकांचं जे व्यसन आहे ते केलं. हा २ कोटींचा आकडा आला कुठून, ते शोधायला बसलो. ते शोधणं मग वर्षानुवर्षं चालूच राहिलं.

सुरुवात कापडाच्या दुकानापासून होते, हे मला वऱ्हाडी माणूस म्हणून फार आवडलं. डेल्फ्ट गावचा लेव्हेनहुक कापडाचा व्यापारी होता. कापडातले धागे मोजायला भिंग वापरायची त्या धंद्यात रीत होती. त्याचा हात असा बसला की त्यानं त्या काळात कुणाकडेच नसलेली भिंगं घासली. १६७७ साली एका वैद्यक शिकणाऱ्या मुलानं त्याच्याकडे एका रोग्याच्या वीर्याचा नमुना आणला आणि त्यात शेपटीवाले जीव वळवळताना दिसतात म्हणून सांगितलं. लेव्हेनहुकनं मग निरोगी नमुना तपासला, म्हणजे स्वतःचा. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना बिचाऱ्यानं खुलासा केला, की हे कुठलंही पाप करून मिळवलेलं नाही, नवराबायकोच्या संबंधानंतर उरलेलं आहे. आणि विद्वानांना किळस येणार असेल तर छापू नका, असंही. म्हणजे संकोच पहिल्या दिवसापासून सोबत आहे. मी बॅगेत लपवलेली चिठ्ठी त्याच परंपरेतली.

पण दिसलं म्हणजे कळलं असं नाही. पुढची दोनशे वर्षं हे जीव नक्की काय करतात यावर वाद चालला. इटलीच्या स्पालान्झानीनं अठराव्या शतकात बेडकांच्या नरांना तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या (खरंच!) आणि दाखवलं की वीर्य अंड्याला लागलं नाही तर पिल्लं होत नाहीत. कुत्रीमध्ये कृत्रिम रेतन करून पिल्लंही मिळवली. वीर्य गाळून घेतलं तर गाळलेल्या पाण्यानं काम होत नाही, हेही त्यानं पाहिलं. इतकं होऊनही त्याचं मत असं की ते वळवळणारे जीव म्हणजे परोपजीवी किडे, खरं काम द्रवाचं! लॉग समोर असून बग न दिसण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शुक्रजंतूचं केंद्रक अंड्याच्या केंद्रकाशी जाऊन मिळतं हे ऑस्कर हर्टविगनं समुद्री साळिंदराच्या पारदर्शक अंड्यात पाहिलं, ते १८७६ साली.

आपल्याकडे कल्पना जुनी होती, हे सांगितलं पाहिजे. सुश्रुतानं गर्भाला चार गोष्टी लागतात म्हटलंय: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. चरकानं शुक्राचे आठ दोष दिलेत: फेसाळ, पातळ, कोरडं, रंग बदललेलं, दुर्गंधी वगैरे. ते सगळे डोळ्यांनी आणि नाकानं कळणारे, साहजिकच. पण दोष बीजातही असू शकतो हे मान्य होतं. आणि आमच्या विदर्भाचा राजा भीम, दमयंतीचा बाप, त्याला मूल नव्हतं म्हणून दमन ऋषी आले तेव्हा त्यानं राणीसह स्वतः त्यांची सेवा केली, एकट्या राणीवर ते सोडलं नाही. पोथीत दोघांनी मिळून केलं, घरात मात्र टांग्यात एकटी बसली.

यातली खरी चिडायची गोष्ट वेगळीच आहे. वऱ्हाडातला शेतकरी सोयाबीन पेरायच्या आधी काय करतो? शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्यानं उघडून किती उगवले ते बघतो. सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं पेरत नाही. उगवलं नाही म्हणून वावराला कुणी शिव्या देत नाही आणि दुसरं वावर विकत घ्यायला निघत नाही. वळूचंही तसंच. गावोगावी गाई भरवायला जी गोठवलेली रेतकांडी येते, ती भरण्याआधी प्रयोगशाळेत वळूच्या वीर्याची संख्या आणि हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. राज्याचा हा कारभार ज्या पशुधन विकास मंडळाकडे, त्याचं मुख्यालय वर्षानुवर्षं आमच्या शेजारी अकोल्यात होतं. दाण्याची तपासणी, वळूची तपासणी. घरधन्याची तेवढी राहिली.

दत्तकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १८५३ सालच्या मे महिन्यात निजामाकडून फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. राण्या एकाहून जास्त, मुलगा नाही. डलहौसीनं राज्य खालसा केलं. झाशीच्या गंगाधररावांचं त्याच्या महिनाभर आधीचं. राज्यं गेली, पण बीजाची शंका त्या काळच्या कुणी कागदावर आणली असेल असं वाटत नाही. तेव्हा मोजायचं साधनही नव्हतं म्हणा.

साधन आलं ते रक्ताच्या तपासणीतून. रक्तपेशी मोजायची काचेची जाड पट्टी असते, तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या, खोली ठरलेली. ठरलेल्या चौकटीत किती पेशी, त्याला गुणाकार, झाला आकडा. १९२९ साली बोस्टनच्या मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी हीच पट्टी वीर्यासाठी वापरून मूल होण्याशी आकड्याचा संबंध लावला आणि ६ कोटींची रेघ सुचवली. तारीख लक्षात ठेवा: १९२९. आजोबांच्या पहिल्या लग्नाच्या दहा वर्षं आधी. सूक्ष्मदर्शक आणि रक्त मोजायची पट्टी, एवढ्याच भांडवलावर ही तपासणी होऊ शकत होती.

मग १९५१. न्यूयॉर्कचे जॉन मॅक्लाउड आणि रूथ गोल्ड. त्यांनी हजार असे पुरुष घेतले ज्यांच्या बायकांना दिवस गेले होते आणि हजार असे ज्यांना मूल होत नव्हतं. बाप होऊ घातलेल्या हजारांत २ कोटींच्या खाली फक्त ५ टक्के निघाले. दुसऱ्या हजारांत १६ टक्के. झालं, माझा २ कोटींचा आकडा सापडला! पण नीट बघा काय म्हणतोय तो. २ कोटींच्या खाली असूनही शंभरातले पाच बाप होतच होते. आणि मूल नसलेल्या शंभरातले चौऱ्याऐंशी रेघेच्या वरच होते. म्हणजे ही पास-नापासाची रेघ मुळात नव्हतीच. शक्यता कुठे कमी व्हायला लागते, त्याची खूण होती. ती छापील रिपोर्टात येताना दरवाजा झाली.

(अँड्रॉलॉजी हा शब्दही १९५१ चाच, आणि तो सुचवला एका जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं. पुरुषांच्या शाखेला नावसुद्धा बायकांच्या डॉक्टरनं दिलं.)

आणि आता सरकी. मला या सगळ्या शोधात सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट हीच मिळाली, आणि ती निघाली चीनमध्ये.

सरकी म्हणजे कापसातून रुई काढली की उरतं ते बी. अमरावती-अकोल्याचं अर्धं आयुष्य या बियाभोवती फिरतं. जिनिंगमध्ये सरकीचे ढीग, तेलघाणीत सरकी, म्हशीपुढे सरकीची ढेप. दाणा फोडून बघितला तर आत बारीक काळपट ठिपके दिसतात. त्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, किडीपासून बचाव म्हणून झाडानं बनवलेलं. चीनच्या ज्यांगसू प्रांतातल्या एका खेड्यात सुमारे १९३० पासून लोक सोयाबीनचं तेल सोडून गावठी घाण्यावरचं, कच्चं सरकीचं तेल खायला लागले. पुढची दहा वर्षं त्या गावात पाळणा हलला नाही. १९५७ मध्ये एका चिनी डॉक्टरांनी तेलाकडे बोट दाखवलं. साठच्या दशकात कापूस पिकवणाऱ्या आणखी काही भागांत तोच प्रकार दिसला, थकवा, अंगाची आग, मूल नाही. तपास होऊन १९७० च्या सुमारास दोषी ठरलं ते गॉसिपॉल. पुरुषांच्या वीर्यात जंतू जवळपास नाहीसे झालेले होते.

चिनी सरकारनं मग उलटा विचार केला. हेच औषध म्हणून वापरलं तर? पुरुषांनी घ्यायची गोळी! १९७२ पासून चाचण्या सुरू झाल्या, पुढे ८ हजारांवर पुरुषांना ती दिली गेली. रोज २० मिलिग्रॅम, दोन-अडीच महिने. दोन-अडीच महिनेच का? कारण शुक्रजंतूची असेंब्ली लाइन तेवढी लांब आहे, एक जंतू तयार व्हायला ७०-७५ दिवस लागतात. गोळी काम करते की नाही हे कसं ठरवायचं? वीर्य मोजून. एका मिलिलिटरमध्ये ४० लाखांच्या खाली गेलं की गोळी लागू. नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर यश. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरून स्नायू लुळे पडले, आणि गोळी बंद केल्यावरही दहा टक्क्यांच्या वर लोकांचा आकडा परत वर आलाच नाही. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा नाद सोडा म्हणून सांगितलं.

आता घाबरून किचनमधली बाटली फेकू नका. बाजारात मिळणारं रिफाइंड सरकीचं तेल शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जातं, गुजरातेत लोक वर्षानुवर्षं खातात. मोठ्या म्हशीच्या पोटातले जंतू त्याला निकामी करतात, लहान वासरांना मात्र ढेप जपून घालायची ती याचसाठी. आणि वऱ्हाडातलं जुनं खाणं जवसाचं, करडईचं, तिळाचं.

पण माझे आजोबा अकोल्याच्या एका तेलगिरणीत मुनीम होते. हे वाचलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. "आजोबा गिरणीतून तेल आणायचे का घरी?" बाबा म्हणाले, "आणत असतील. काऊन?" मी "काही नाही" म्हटलं. कारण इथून पुढे फक्त गोष्ट रचणं आहे, आणि गोष्ट रचायचा मोह मला जबरदस्त होतोय, हे मलाच कळत होतं. पुरावा शून्य. गावात कुठला गालफुगीचा आजार, तरुणपणीचा विषमज्वर, जन्मतःच काही, कारणं पन्नास असू शकतात. आजोबांचा नमुना कधी कुणी पट्टीवर ठेवला नाही, त्यामुळे ते कायमचं अंधारात गेलं. शिवाय सरकीवर ढकललं की आजोबा सुटतात, आणि त्यांना इतक्या सहज सोडायची माझी तयारी नाही.

ज्यांनी मोजलं त्यांना मात्र उत्तर मिळालं. १९७७ सालची कॅलिफोर्नियातली गोष्ट आहे, लॅथ्रॉप गावातल्या कीटकनाशकांच्या कारखान्याची. जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या गप्पांतून लक्षात आलं की या खात्यात आल्यापासून कुणालाच मूल झालेलं नाही. त्यांनी हट्ट धरून वीर्य तपासून घेतलं. अनेकांच्या नमुन्यात एकही जंतू नाही. जमिनीतल्या सूत्रकृमींना मारायला वापरायचं डीबीसीपी नावाचं रसायन दोषी निघालं आणि त्यावर बंदीची चक्रं फिरली. त्यात मला आवडतं ते हे, की दहा-बारा पुरुष डबे उघडून बसले आणि तो विषय एकमेकांत बोलले. आमच्या कँटीनमध्ये क्रिकेट सोडून काय बोललं जातं? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली तेव्हा मला हे खाते आठवलं. मेलेले दिसतात तरी.

तर या चाचण्यांच्या काळातच हेही लक्षात आलं की एका देशातली मोजणी दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० मध्ये वीर्यतपासणीची नियमपुस्तिका काढली. मग आवृत्त्या: १९८७, १९९२, १९९९, २०१०, २०२१. आमच्यासारखंच व्हर्जनिंग! आकाराने बरे दिसणाऱ्या जंतूंची अपेक्षित टक्केवारी १९८७ मध्ये ५०, १९९२ मध्ये ३०, आणि २०१० मध्ये ४. इतका उदार परीक्षक कुठल्याच विद्यापीठाला मिळाला नसेल. खरं तर उलट आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर यांच्या पद्धतीनं पेपर फार कडक तपासायला लागले, म्हणून पासिंग खाली आलं. आणि संख्येचे २ कोटी २०१० मध्ये झाले दीड कोटी. (२०२१ मध्ये १ कोटी ६० लाख.) हा नवा आकडा काढताना त्यांनी अशा पुरुषांचे नमुने घेतले ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले होते, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेघ मारली. त्या देशांच्या यादीत भारत नाही.

आता माझा रिपोर्ट आठवा. २०१२ साल, १ कोटी ८० लाख. प्रयोगशाळेनं समोर छापलेला आकडा १९९९ च्या आवृत्तीचा. दोन वर्षांपूर्वी निघालेल्या आवृत्तीप्रमाणे मी रेघेच्या वर होतो. अपडेट न केलेल्या टेम्प्लेटमुळे मी ठळक अक्षरातला शब्द झालो होतो. आणि गंमत इथेच संपत नाही. पुस्तिका सांगते किमान २०० जंतू मोजा, आणि ते दोनदा. २०० का? यदृच्छेनं होणारी चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. २०० चं वर्गमूळ १४, म्हणजे ७ टक्के. तिच्या दुप्पट अंतर धरलं तर माझे १.८ कोटी म्हणजे १.५५ ते २.०५ यातलं काहीही. जुन्या रेघेच्या खाली की वर, हे तो आकडा सांगूच शकत नव्हता. आणि हे झालं नीट मोजलं तर. त्यात तोच माणूस एका आठवड्याला एक आकडा देतो, दुसऱ्याला दुसरा. आदल्या दोन-अडीच महिन्यांत ताप आला, की आकडा पडलेला दिसतो. अंडकोश शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावे म्हणून तर निसर्गानं ते बाहेर लोंबते ठेवलेत (काट क्रमांक दोन, पण मी परत टाकलं). म्हणून एका तपासणीवर निकाल देऊ नये, हे जाणकार कायम सांगत आलेत. तीन महिन्यांनी माझा दुसरा रिपोर्ट आला. ४ कोटी १० लाख.

एवढ्या आकडेमोडीची गरज आता उरली आहे का, असं कुणी विचारेल. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली. ती संस्था सुरू झाली होती १९५४ साली, संततीनियमनाची साधनं तपासायला! तेव्हा ते देशातलं पहिलं मानलं गेलं. पुढे १९९७ मध्ये त्याच आनंद कुमारांनी कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या वह्या तपासून जाहीरपणे लिहिलं की पहिला मान त्यांचा, १९७८ चा. मुखोपाध्यायांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली होती, सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं होतं. आपला स्वतःचा पहिला नंबर असा सोडणारा माणूस विरळा. पण तेव्हाच्या पद्धतीत काचेच्या बशीत का होईना, जंतूंना स्वतः पोहून आत शिरावं लागे, त्यामुळे हजारो चांगले जंतू लागत. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या पालेर्मो यांनी बारीक सुईनं एकच जंतू उचलून थेट अंड्यात सोडला. त्यालाच इक्सी म्हणतात. त्या दिवसापासून कोट्यवधींच्या जागी एक पुरेसा झाला.

मोठीच गोष्ट आहे, ज्यांना काहीच आशा नव्हती त्यांना मुलं झाली. पण त्यातून एक पळवाटही निघाली. दोष नवऱ्याच्या नमुन्यात असला तरी रोज पोटात इंजेक्शनं कुणी घ्यायची? बायकोनं. भूल कुणी घ्यायची? बायकोनं. नवऱ्याला तपासून शीर फुगली आहे का, जंतुसंसर्ग आहे का, एखादं औषध की गुटखा नडतोय हे बघण्याऐवजी सरळ इक्सीचं पॅकेज हातात ठेवणारे दवाखाने मी स्वतः पाहिलेत. टांग्याच्या जागी कॅब आली, एवढाच फरक काही ठिकाणी.

आमचं पुढे काय झालं ते लिहायचं नाही असं ठरलंय. ती काट क्रमांक तीन. ४ कोटींचा रिपोर्ट घेऊन मी नाचत घरी आलो होतो तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "म्हणजे ही टेस्ट तुला तीन वर्षांत कधीही करता आली असती." त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

गेल्या दिवाळीत अमरावतीच्या घरी कपाट आवरताना बाबांचं दत्तकपत्र सापडलं. स्टॅम्प पेपर, निळी शाई, मोडीचं वळण असलेलं अक्षर. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की आमच्या दोन्ही कुटुंबांस संतान झाले नाही, सबब. कुटुंब म्हणजे बायको. खाली आजोबांची सही, साक्षीदारांच्या सह्या, आणि एका कोपऱ्यात मोठ्या आजीचा अंगठा. बाबांना विचारलं, ती डफरीनला गेली तेव्हा आजोबा काय करत होते, काही सांगायची का. बाबांनी आठवून सांगितलं. ते आत गेलेच नाहीत. बायकांच्या दवाखान्यात पुरुष कसा जाणार? बाहेर टांग्यातच बसून राहिले, दुपारभर.